घुमारा नसलेला खोका

मित्रांनो, माझ्या अंगावर कुठल्याच कंपनीचे नाव नाही. मी घरी बनवलेला एक जुना लाउडस्पीकर आहे. बदलापूर गावात, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर सोमाचे दोन खोल्यांचे घर आहे. त्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी कोपऱ्यात बसून असतो. माझ्या डोक्यावर कधी घडी घातलेले कपडे असतात, कधी पाण्याचा तांब्या. पहिल्यांदा येणारे पाहुणे मला स्टूल समजतात आणि माझ्यावर बसू बघतात. मग आतून गयाबाई सांगते, "तिथं नका बसू. त्याला कान हायेत." पाहुणे हसतात. ती हसत नाही.

सोमा अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेस खात्यात कामाला होता. तिथे पत्र्याचे तुकडे मोठ्या यंत्रांखाली दाबून त्यांचे डबे आणि झाकणे करत. एकदा असे एक नवे यंत्र आले, तेव्हा ते देवदारी फळ्यांच्या भल्या मोठ्या खोक्यात बांधून आले होते. खोके फोडले आणि फळ्या कामगारांनी वाटून घेतल्या. कोणी त्यांचे पाट केले, कोणी कोंबड्यांची खुराडी. सोमाने आपल्या वाट्याच्या फळ्या घरी आणून माळ्यावर टाकल्या. बरीच वर्षे त्या तशाच पडून होत्या. त्याच फळ्यांपासून पुढे माझे अंग घडले.

सोमाचा खरा जीव ढोलकीत होता. त्यांच्या वस्तीची एक गायन पार्टी होती. बुद्ध पौर्णिमेला, जयंतीला, लग्नाकार्यात ही पार्टी बुद्धाची आणि बाबासाहेबांची गाणी म्हणायची. गाणारी मुख्य बाई म्हणजे सोमाची बायको गयाबाई. पेटीवर कोंडाजी, ढोलकीवर सोमा. लग्नानंतर गयाबाईला पहिल्यांदा गायला उभे केले ते सोमानेच. त्या काळात बायकांनी असे स्टेजवर उभे राहणे घरातल्या कित्येकांना आवडत नव्हते. सोमा म्हणाला होता, "ती गाईल आन् मी वाजवीन. ज्याला आवडंल त्यानं ऐकावं."

हे सारे माझ्या जन्माआधीचे. मी ते नंतर त्यांच्या बोलण्यातून ऐकले.

मग एका वर्षी वांगणीच्या कार्यक्रमात काहीतरी बिनसले. गयाबाईने कडवे संपवले, हात वर करून थांबली, कोंडाजीने पेटी थांबवली, आणि सोमा मात्र वाजवतच राहिला. लोकांमध्ये हशा पिकला. पुढच्या गाण्यात उलटे झाले. गयाबाईने सुरुवात केली तरी ढोलकी गप्पच. घरी परतल्यावर सोमा तिला म्हणाला, "तुझा आवाज बसलाय हल्ली. शब्द तोंडातच राहतात तुझे. वाजवणाऱ्यानं पकडायचं काय?"

ते वाक्य गयाबाईला लागले. ती नदीवर कपडे धुवायला जायची, तेव्हा आजूबाजूला कोणी नसले की एकेक शब्द सुटा करून गायची. घसा दुखेपर्यंत गायची. तरी प्रत्येक सरावाला सोमाचे तेच म्हणणे. शब्द कळत नाहीत.

तिला आणखी एक गोष्ट खुपत होती. ती मागच्या खोलीतून त्याला हाक मारायची आणि तो वळायचासुद्धा नाही. आधी ती दोनदा, तीनदा हाक मारायची. मग तिने हाक मारणे सोडून दिले. चहाचा कप त्याच्यासमोर ठेवायची आणि निघून जायची. आपले नाव झाले, दुसऱ्या वस्त्यांतून आपल्याला बोलावणी येतात, ते या माणसाला सलते आहे, अशी तिने मनाशी गाठ बांधली होती.

अशा घरात माझा जन्म झाला.

सोमाकडे एक छोटा टेपरेकॉर्डर होता. पार्टीच्या गाण्यांची एक कॅसेट त्याने विहारात भरून घेतली होती. घरी ती ऐकून सराव करावा, असा त्याचा विचार. पण त्या टेपमधून त्याला काहीच धड ऐकू येईना. म्हणून तो एके दिवशी कारखान्यात श्यामकांतकडे गेला. श्यामकांत तिथे ड्रॉइंगच्या खात्यात होता आणि अंबरनाथ पश्चिमेला राहत असे. रेडिओ उघडणे, जोडणे, पुन्हा उघडणे हा त्याचा छंद होता. त्याच्या घरी टेबलावर जेवणाच्या ताटाला जागा नसे, एवढ्या तारा पसरलेल्या असत, असे त्याची बायको उमा सांगायची.

"साहेब, मला एक मोठा स्पीकर करून द्याल का?" सोमाने विचारले. "ढोलकी ढोलकीसारखी वाजली पायजे, एवढंच."

श्यामकांत खूश झाला. असे काम त्याला कोणी सांगत नसे. "करून देत नाही," तो म्हणाला. "आपण दोघं मिळून करू. शुक्रवारी सुट्टीला मी येतो तुझ्याकडे."

माळ्यावरच्या फळ्या खाली आल्या. सोमाने त्या कापल्या, रंधा मारला, खिळे ठोकले. मधल्या एका दिवशी दोघे उल्हासनगरच्या कॅम्प भागात जेठानंद नावाच्या सिंध्याच्या दुकानी गेले. तिथे जुन्या यंत्रांचे सुटे भाग छतापर्यंत रचलेले असत. एका बंद पडलेल्या हॉटेलात गाणी वाजवणारी मोठी पेटी होती. तिच्या पोटातला कागदी कोनाचा मोठा स्पीकर जेठानंदने धूळ झटकून पुढे केला. "साईं, ये असली चीज़ है," तो म्हणाला. "इसका आवाज सीने पे लगता है।" त्याच्यासोबत एक छोटा स्पीकरही त्याने दिला. त्याला ट्विटर म्हणतात.

या दोघांची कामे वेगळी, ते समजून घ्या, मित्रांनो. मोठा कोन जाड, खोल आवाज काढतो. ढोलकीची धूम, पेटीचा खर्ज. छोटा ट्विटर बारीक आवाज काढतो. झांजेची किणकिण, बांगड्यांचा आवाज, आणि माणसाच्या बोलण्यातले स, च, त, फ यांसारखे बारीक उच्चार. शब्द कळतात ते या बारीक आवाजांमुळे. श्यामकांतने तांब्याच्या तारेचे एक वेटोळे करून माझ्या पोटात बसवले, म्हणजे जाड आवाज मोठ्याकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे जावेत. ॲम्प्लिफायरही त्यानेच जोडून आणला होता.

पहिल्यांदा मला वाजवले तेव्हा माझी पाठ उघडी होती. मागची फळी अजून लावली नव्हती. कॅसेट लागली. गयाबाईचा आवाज घरभर पसरला. शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती सोच्छ येतंय गं," एक म्हणाली.

सोमा मात्र माझ्याकडे बघत बसून राहिला. मग म्हणाला, "साहेब, यात दम नाय, घुमारा नाय. ढोलकी वाजतीया का पत्र्याचा डबा?"

श्यामकांतने कान जवळ आणला. ढोलकी पातळ वाजत होती, हे खरेच होते. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा ढकलली जाते आणि मागची ओढली जाते. पाठ उघडी असली की दोन्हीकडचा आवाज कडेने वळून एकमेकांना भेटतो. बारीक आवाजाचं काही बिघडत नाही. पण जाड आवाज तिथल्या तिथे मरतो."

त्यांनी माझी पाठ बंद केली. आवाज जरा भरला. सोमाने मान हलवली. "नाय."

पुढच्या शुक्रवारी श्यामकांतने उदबत्ती पेटवली. गयाबाईला वाटले, हा माणूस आता माझी पूजा करतो की काय. पण तो उदबत्ती माझ्या सांध्यांजवळून हळूहळू फिरवत होता. मी वाजत होतो आणि जिथे फट होती तिथे धूर थरथरत होता. अशा बऱ्याच फटी निघाल्या. हाताने ठोकलेला खोका तो. त्यांनी राळ आणि मेण वितळवून फटी बुजवल्या. कोन जिथे बसवला होता तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून घातली. आवाज आणखी थोडा भरला.

"आता?" श्यामकांतने विचारले.

"थोडा फरक हाय," सोमा म्हणाला. पण तो श्यामकांतचे मन राखायला बोलत होता, हे मलाही कळले.

मग माझ्या फळ्याच वाजतात असे निघाले. श्यामकांतने माझ्या कुशीवर तळहात ठेवला, तर फळी त्याच्या हाताखाली फुरफुरत होती. आत एक आडवी काठी ठोकून दोन्ही कुशी एकमेकींना बांधल्या. गयाबाईने एक जुनी गोधडी उसवून कापूस दिला, तो माझ्या पोटात भरला. मला फळीवर ठेवले होते, तिथून उतरवून कोपऱ्यात जमिनीवर ठेवले. दोन भिंती आणि जमीन मिळाल्यावर खर्ज वाढतो, असे श्यामकांत म्हणाला, आणि तो खरेच वाढला. गयाबाईलाही जाणवले. आता ढोलकी ढोलकीसारखी वाजत होती. शेजारच्या बायका तर म्हणाल्या, "आता याहून आणिक काय पायजे?"

सोमा तरी म्हणत होता, "कायतरी राहिलंय."

श्यामकांत एरवी शांत माणूस. पण त्या दिवशी तो जरा चिडला. "सोमा, तुला नेमकं काय ऐकू येत नाही ते सांग ना. मला तर सगळं येतंय."

सोमाने माझ्याकडे हात केला. "लांबून येतंय सगळं. नदीच्या पल्याड कुणी वाजवत असल्यागत."

गयाबाई आतल्या दारात उभी होती. ती पटकन बोलून गेली, "त्यांना माझंच गाणं नको झालंय, भाऊ. मशीन कितीबी सुधरा." श्यामकांतने चमकून सोमाकडे पाहिले. बायको असे काही बोलल्यावर नवरा भडकेल, निदान वळून बघेल, असे त्याला वाटले. सोमा माझ्या जाळीवरची धूळ फुंकत होता.

त्याच आठवड्यात गयाबाईने कोंडाजीला सांगून टाकले, या पौर्णिमेचा कार्यक्रम झाला की मी गाणार नाही, दुसरी बाई बघा. कोंडाजीने खूप विचारले, पण तिने कारण सांगितले नाही. घरातही कोणाला सांगितले नाही. मला कळले, कारण ती दोघे माझ्यासमोर बसून बोलत होती.

श्यामकांत पुन्हा जेठानंदकडे गेला आणि काय काय केले ते त्याने सगळे सांगितले. जेठानंद चहा पीत ऐकत होता. "डब्बा पूरा बंद कर दिया?" त्याने विचारले. "साईं, कोन बड़ा है, डब्बा छोटा है। उसका दम घुटता है। एक नली लगाओ, साँस लेने दो।"

श्यामकांतला ही गोष्ट पुस्तकातून ठाऊक होती, पण मोजमाप चुकेल म्हणून तो ती टाळत होता. शेवटी शुक्रवारी पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा घेऊन तो आला. माझ्या पोटाला खालच्या अंगाला गोल भोक पाडले आणि त्यात तो पाइप बसवला. लांबी जास्त झाली, म्हणून करवतीने कापला. पुन्हा वाजवून पाहिले, पुन्हा कापला. दर वेळी कोन बाहेर काढावा लागे, तारा सोडाव्या लागत, पुन्हा जोडाव्या लागत. घामाने दोघांचे सदरे पाठीला चिकटले होते. दुपार टळत आली होती.

शेवटचा तुकडा कापून मला बंद केले आणि कॅसेट लावली.

मित्रांनो, तो आवाज माझ्यातून आला तेव्हा मला स्वतःचाच अंदाज नव्हता. ढोलकीवरच्या डाव्या हाताची धूम जमिनीतून आल्यासारखी आली. फळीवरचे स्टीलचे पेले थरथरले. पण गाणे? गाण्याचे काहीतरी झाले होते. गयाबाईच्या तोंडावर कोणी उशी धरावी तसा तिचा आवाज येत होता. शब्द एकही कळत नव्हता. झांज तर नव्हतीच.

गयाबाईने कपाळाला आठ्या घातल्या. श्यामकांतने टेप बंद करायला हात पुढे केला.

सोमाने त्याचा हात धरला. "राहू द्या, साहेब," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की श्यामकांत थांबलाच. "आता बरोबर झालं. आता कायबी राहिलं नाय. हिचा आवाजबी किती नीट येतोय बघा."

श्यामकांतने वाकून माझ्या मागे पाहिले. घाईत ट्विटरची तार जोडायची राहून गेली होती. ती बाहेर लोंबत होती. बारीक आवाज काढणारा स्पीकर मुका होता, फक्त मोठा कोन वाजत होता.

तो तसाच वाकलेला राहिला. मग त्याने ती तार जोडली. एकदम झांज किणकिणली, शब्द लख्ख झाले. गयाबाईचे खांदे सैल पडले.

"आता?" श्यामकांतने विचारले. "आता काय फरक वाटतो?"

"काय फरक?" सोमा म्हणाला. "तसंच हाय की. झ्याक हाय."

श्यामकांतने तार पुन्हा काढली. पुन्हा जोडली. सोमा ढोलकीच्या तालावर मांडीवर बोटे वाजवत होता. तार जोडल्याचा किंवा काढल्याचा त्याच्या चेहऱ्यावर मागमूसही नव्हता.

श्यामकांत उठून त्याच्या पाठीमागे गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सोमा, पाणी देतोस का?"

बोटे वाजत राहिली.

गयाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळे कळले होते. तिने पुढे होऊन टेप बंद केला आणि सोमाच्या अगदी समोर येऊन बसली. "अवो," ती म्हणाली, "मी हाका मारते त्या तुम्हाला ऐकू येतात का?"

"कुठल्या हाका?"

"मागल्या खोलीतून. जेवायला. रोजच्या."

सोमा तिच्याकडे बघत राहिला. "तू कुठं हाका मारतेस?" तो म्हणाला. "तू तर बोलतच नायस माझ्याशी. मला वाटलं, वांगणीत माझ्यामुळं लोक हसले, तवापासनं तुझा राग गेला नाय."

मग श्यामकांतने समोर बसून, सावकाश, त्याला तारेची गोष्ट समजावली. काय वाजत होते, काय वाजत नव्हते आणि त्याला काय कळले नाही. प्रेसच्या आवाजाने कान आधी बारीक आवाज गमावतात, हे त्याने कुठेतरी वाचले होते. सोमाने सगळे ऐकले. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. मग त्याने एकच गोष्ट विचारली.

"म्हंजे हिचा आवाज बसला नव्हता."

"नाही," श्यामकांत म्हणाला.

सोमाने गयाबाईकडे पाहिले आणि मान खाली घातली. गयाबाईने पदर तोंडाला लावला. ती रडत होती, पण तिचे मन हलके झालेले दिसत होते. "दोन वर्सं मला वाटत होतं, माणूस रुसलाय," ती म्हणाली. "नुसतं ऐकू येत नव्हतं होय."

त्यानंतर श्यामकांतने सोमाला उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. गेलेले परत येणार नाही, राहिले आहे ते जपा, असे डॉक्टर म्हणाले. कारखान्यात सांगायला सोमा तयार नव्हता. काढून टाकतील, ही भीती. श्यामकांतने युनियनच्या माणसाला सोबत घेतले, साहेबांच्या खोलीच्या फेऱ्या मारल्या, आणि बऱ्याच खटपटीनंतर सोमाची बदली सामानाच्या कोठारात झाली. त्याचेही सोमाला आधी वाईटच वाटले. "प्रेसवरचा माणूस मी. आता नट-बोल्ट देत बसू?" पण तो गेला. प्रेस खात्यातल्या बाकीच्यांसाठी कानांवर लावायची झापडे आली. ती बरेच दिवस खिळ्याला टांगलेलीच होती. सोमाच्या जागी उभा राहणारा बबन ती डोक्याला लावून सगळ्यांना हसवायचा. "बघा, टांग्याचा घोडा," म्हणायचा आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचा.

पौर्णिमेच्या कार्यक्रमाला मला विहारासमोरच्या मैदानात नेले. आधी सोमा यायलाच तयार नव्हता. "पुन्यांदा हसतील," म्हणाला. तेव्हा गयाबाईने कोंडाजीला बोलावले आणि तिघांनी मिळून बसायची रीत ठरवली. मला सोमाच्या पाठीमागे ठेवले. पेटीचा आणि गाण्याचा आवाज माइकमधून माझ्याकडे येत होता. सोमा माझ्या फळीला पाठ टेकून बसला, म्हणजे पेटीचा खर्ज त्याच्या पाठीला कळेल. गयाबाई लोकांकडे सरळ तोंड करून उभी राहायची, ती त्या दिवशी थोडी तिरपी बसली, सोमाला तिचे ओठ दिसतील अशी.

पहिली गाणी छान झाली. पाठीला लागणाऱ्या कंपावर सोमाचा हात बरोबर पडत होता. चौथ्या की पाचव्या गाण्यात तो एकदा चुकला. गयाबाईने गाणे न थांबवता हात थोडा वर केला, त्याने पाहिले आणि ठेका सावरला. समोर बसलेल्यांतल्या फार थोड्यांना ते कळले, आणि ज्यांना कळले त्यांतले कोणी हसले नाही. कार्यक्रम संपल्यावर कोंडाजीने पेटीचे झाकण लावत गयाबाईला विचारले, "मग, दुसरी बाई बघू का?"

"बघा की," गयाबाई म्हणाली. "माझ्यामागं म्हणायला एक पायजेच हाय."

ती माझी सुखाची वर्षे होती. वांगणीपासून उल्हासनगरपर्यंत मी किती मैदाने पाहिली. टेम्पोत ढोलकीच्या शेजारी माझी जागा ठरलेली असे. लोक विचारायचे, कुठल्या कंपनीचा स्पीकर? सोमा म्हणायचा, "घरचा हाय."

पण दिवस बदलतात. सोमाला पुढे कानाचे यंत्र मिळाले. खिशात छोटी डबी, तिथून कानापर्यंत तार. ते लावून तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसला आणि काही वेळातच त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, हा फारच घुमतोय हो," तो श्यामकांतला म्हणाला. "जरा कमी करता येईल का?" श्यामकांत हसत सुटला. इतके शुक्रवार ज्याच्यासाठी खपवले, तेच आता नको झाले होते. शेवटी माझ्या नळीत फडक्याचा बोळा कोंबला. मला राग आला नाही. ज्या माणसाला इतकी वर्षे नुसती धूम ऐकू येत होती, तो आता अंगणातली चिमणी ऐकून घरातल्यांना बोलावून दाखवत होता.

मग विहारात कंपनीचे मोठे स्पीकर आले, चकचकीत, दिवे लागणारे. मला टेम्पोत जागा उरली नाही. माझ्यावर कपड्यांच्या घड्या चढल्या. उंदरांनी माझ्या पोटातला कापूस नेला. एका पावसाळ्यात ओल लागून कोनाचा कागद भिजला आणि फाटला. बरीच वर्षे मी काहीच बोललो नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकून देऊ नका, हे तर मी सांगेनच. त्यांच्यात थोडी राळ, थोडा कापूस आणि एखादा शुक्रवार घातला तर त्या पुन्हा बोलतात. पण माझे मागणे त्याहून थोडे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, सारखे 'काय म्हणालास' विचारत असेल, किंवा 'तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता' म्हणून चिडत असेल, तर त्याच्यावर रुसू नका. त्याच्यासमोर जा. त्याला तुमचा चेहरा दिसू द्या आणि मग विचारा. आणि कोणी म्हणाला, 'आवाजात कायतरी राहिलंय', तर 'मला तर सगळं येतंय' एवढे बोलून थांबू नका.

गेल्या उन्हाळ्यात बबनची बायको चांगुणा गयाबाईकडे आली होती. बबन अजून प्रेसवरच होता. "माणूस बदललाय गं," ती सांगत होती. "काय विचारलं तर उत्तर नाय, विचारलं दोनदा तर अंगावर येतो." गयाबाईने सगळे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी श्यामकांतला निरोप गेला. तो आता चष्मा लावतो आणि त्याचे हात थोडे कापतात. त्याने जेठानंदच्या दुकानातून नवा कोन आणला, माझे पोट साफ केले आणि नळीतला बोळा काढला.

शुक्रवारी बबनला जेवायला बोलावले. जेवण झाल्यावर सोमाने आपल्या कानातले यंत्र काढून ठेवले आणि बबनला माझ्याशेजारी बसवले. बबनला अंदाज आला असावा. तो चिडला.

"मला सगळं ऐकू येतं," तो म्हणाला. "माझ्या कानाला कायबी झालेलं नाय."

सोमाने त्याच्या ओठांकडे बघून ते समजून घेतले. "माझ्याबी नव्हतं झालं," तो म्हणाला.

त्याने बबनचा तळहात उचलून माझ्या फळीवर ठेवला. गयाबाईने कॅसेट लावली. मी वाजू लागलो. बबन आधी इकडेतिकडे बघत होता, मग त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि हात फळीवर घट्ट झाला. मागे बसलेल्या चांगुणाने काहीतरी विचारले. तो वळला नाही. ती उठली, पुढे आली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने पुन्हा विचारले.

"चहा घेणार का? मगाशीबी विचारलं मी."

बबन तिच्याकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "घेईन की. तू कधी विचारलंस?"